आग्रहाची शिकवणी

कस्तुराबाईंनी दिराला माणसात बसायचं शिकवायला घेतलं, त्या बहात्तरच्या दुष्काळात तामलवाडीत सगळंच आटलं होतं. पण तालुक्याच्या दूध संस्थेत शिपायाची जागा निघाली होती आणि व्हाइस चेअरमन आबाराव स्वतः घरी येऊन माणूस बघणार होते.

दीर रामलिंग कामाला वाघ. फक्त कुणाच्या तोंडाकडं बघायचा नाही आणि खरं असेल ते बोलून मोकळा व्हायचा. चुलत्याच्या घरच्या लग्नात "जेवण कसं झालं?" असं विचारल्यावर "भात कच्चा हाय" म्हणाला. चुलता अजून बोलत नव्हता.

"पाव्हण्याच्या तोंडाकडं बघून हसायचं. च्या इचारायचा. न्हाय म्हणला तर आग्रह करायचा," वहिनींनी सांगितलं.

"न्हाय म्हणल्यावर कशाला?"

"न्हाय म्हंजे व्हयच असतंय."

"अन् व्हय म्हणला तर?"

"तेबी व्हयच!"

"मग इचारायचं कशाला?"

"रीत हाय म्हणून!"

आबाराव आले ते गावोगाव चहा पिऊन, पोट धरूनच. "चहा नको," ते म्हणाले.

रामलिंग त्यांच्या तोंडाकडं बघून हसला. "घ्याच."

"अरे, खरंच नको."

"म्हंजे व्हय," म्हणत त्यानं कप हातात दिला.

तेवढ्यात शेजारच्या प्रेमाबाई चहा घेऊन आल्या. "आमी काय परके?" मग सरपंच माणिकप्पांच्या घरून किटलीच आली. आबाराव घाईनं उठले. "जरा शिवार बघून येतो."

शिवारात ढेकळांशिवाय काही नव्हतं. तरी "आमी दावतो की!" म्हणत सगळे मागं निघाले.

"तुम्ही बसा," आबाराव म्हणाले. याचा अर्थ 'चला' असाच असतो, हे गावाला कुणी शिकवावं लागत नव्हतं. ते भरभर चालू लागले. गावही भरभर चालू लागलं.

रामलिंग मात्र सांगितल्याप्रमाणं तोंडाकडंच बघत होता. "साहेब, घाम फुटलाय, हात पोटावर हाय. परसाकडंला लागली का?"

कस्तुराबाईंनी तोंडाला पदर लावला.

"व्हय," आबाराव पुटपुटले.

"खरं व्हय?"

"व्हय रे बाबा!"

रामलिंगनं पळत जाऊन तांब्या आणून दिला आणि वळून ओरडला, "समदे माघारी फिरा!"

आबाराव परतले, तेव्हा कस्तुराबाई हात जोडून उभ्या होत्या. "चुकलं साहेब. आजून शिकतोय त्यो."

"आता काय बी शिकवू नका. उद्यापासून हा माझ्या जीपमधी. साहेबांना नको म्हंजे नको, एवढं लोकांना सांगणारा संस्थेत एक माणूस न्हाय."

ते जीपमध्ये चढणार, तोच माणिकप्पा पुढं झाले. "साहेब, गुरांच्या चाऱ्याचं तेवढं बघा."

"बघू," आबाराव म्हणाले.

"बघू म्हंजे व्हय का न्हाय?" रामलिंगनं विचारलं.

आबारावांनी जीपकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं. पळवाट सापडेना.

"न्हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गावानं चाऱ्याची वाट बघणं सोडलं आणि गुरं सोलापूरकडच्या छावणीला हाकली.