फादर इनासांचं अहो-जाहो

फादर इनास पंधरा वर्षांच्या पोराला 'अहो' म्हणतात. थट्टेने म्हणत असते तर मी समजून घेतलं असतं. ते मनापासून म्हणतात. कानात इयरफोन खुपसून, च्युइंगम चघळत एखादा पोरगा ऑफिसात शिरला की फादर खुर्चीवरून उठून उभे राहतात, हात जोडतात आणि विचारतात, "या. कसे आहात आपण?" पोरगा मागे वळून बघतो. आपल्या पाठून कोणी मोठा माणूस आलाय असं त्याला वाटतं.

मी हे रोज बघते. शिवडीच्या अंगाला आमचं एक जुनं चर्च आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण फादर अजून तिथेच आहेत आणि मलाही नोकरी टिकवायची आहे. अठरा वर्षं मी त्या चर्चच्या ऑफिसात क्लार्क आहे. बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाच्या नोंदी, हॉलचं बुकिंग, मयताची वेळ, सगळं माझ्याकडे. मी लालबागची, घरात दीड दिवसाचा गणपती. पहिल्या वर्षी सासूबाई विचारायच्या, तिकडे तुला बाटवणार तर नाहीत ना गं? आता त्या नोव्हेंबरपासून विचारतात, नाताळचे ते गोड तळलेले कुलकुल कधी आणणार.

अठरा वर्षांत चार फादर पाहिले. प्रत्येकाला एकच घोर, की तरुण पोरं चर्चमध्ये का येत नाहीत. फादर इनासांच्या आधीचे फादर केव्हिन यांचा उपाय सोपा होता. पोरं चर्चसारखी होत नाहीत ना, मग चर्चने पोरांसारखं व्हायचं. ते फाटकी जीन्स घालून गिटार वाजवायचे आणि पोरं त्यांना 'केव्ह ब्रो' म्हणायची. एकदा 'युथ फेस्ट'ला त्यांनी धुराचं मशीन आणलं. धूर इतका झाला की वेदीशेजारचे संत दिसेनात आणि पहिल्या बाकावरच्या तीन म्हाताऱ्यांनी पर्समधून दम्याचे पंप काढले. पोरं खूश होती. पिझ्झा होता तोवर थांबली, पिझ्झा संपल्यावर गेली. फादर केव्हिननी फोटोंसकट अहवाल वर, बिशपांच्या ऑफिसात पाठवला. फोटोत गर्दी दिसत होती, पिझ्झा दिसत नव्हता. त्यांना बढती मिळाली. आता ते सगळ्या मुंबईच्या चर्चना पोरं कशी जमवावीत ते शिकवतात.

त्यांच्या जागी आले फादर इनास. मूळचे वसईचे, साठीला टेकलेले, काटकुळे, उजव्या गुडघ्याने अधू. एक सूटकेस, पुस्तकांचे दोन खोके आणि इस्त्रीचा पांढरा झगा. पहिल्या रविवारी त्यांनी चार मिनिटांचं प्रवचन दिलं आणि मग म्हणाले, "आपली हरकत नसेल तर आता पाच मिनिटं गप्प बसू या." दुसऱ्या मिनिटाला ऑब्री अंकल उठले आणि माईक बंद पडला समजून त्याच्यावर टकटक करू लागले.

'आपली हरकत नसेल तर' हे फादरांचं पालुपद. वेदीवर चढून बसलेल्या मांजराला मी त्यांना सांगताना ऐकलंय, "आपली हरकत नसेल तर खाली उतरता का?" मांजराची हरकत होती. फादरांनी दहा मिनिटं वाट बघितली. शेवटी मीच झाडू घेऊन गेले.

आता हे ऑब्री अंकल. आमच्या चर्चच्या युवक समितीचे अध्यक्ष, वय वर्षं बासष्ट. तरुणपणी अध्यक्ष झाले आणि नंतर कोणी त्यांना उतरवलंच नाही. प्रार्थनेच्या वेळी कुठलं पोर नीट गुडघे टेकतंय आणि कुठलं बाकाला पार्श्वभाग टेकवून फसवतंय, यावर त्यांची बारीक नजर. त्यांचं म्हणणं असं की हल्ली पोरांना देवाची भीती उरलेली नाही, तेव्हा निदान आपली तरी असली पाहिजे. आजवर कुठलं पोर त्यांना घाबरलेलं मी पाहिलं नाही. त्यांना बघून गेटच्या बाहेर सटकणारी मात्र पुष्कळ पाहिली.

फादर इनास आले त्या वर्षी कन्फर्मेशनच्या वर्गात अकरा पोरं होती. कन्फर्मेशन म्हणजे काय ते मलाही इथे आल्यावर कळलं. बाप्तिस्मा होतो तान्हेपणी, तेव्हा पोराच्या वतीने आईबाप बोलतात. मोठं झाल्यावर पोराने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की होय, माझा विश्वास आहे. मग बिशप येऊन कपाळाला पवित्र तेल लावतात. नंतर नवे कपडे, केक आणि हॉलमध्ये जेवण.

फादरांनी अकरा जणांना हाताने अकरा पत्रं लिहिली आणि पोस्टात टाकली. 'श्रीयुत जोशुआ यांस, सप्रेम नमस्कार. आपणांस सवड असल्यास रविवारी दहा वाजता भेटावे.' पोराच्या नावाने पत्र आलं म्हणजे काहीतरी कांड केलं असणार, अशा हिशेबाने जोशुआच्या आईने पाकीट फोडायच्या आधीच त्याला दोन ठेवून दिल्या. मग पत्र वाचलं आणि ते घेऊन ती ऑफिसात आली. मला म्हणाली, "आंटी, हे फादर बरे आहेत ना?" तिचा रोख तब्येतीकडे नव्हता.

फादर प्रत्येकासाठी उठतात हे पोरांच्या लक्षात यायला दोन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी जोशुआ वर्गातून बाहेर गेला आणि आत आला. फादर उठले, "या," म्हणाले, बसले. जोशुआ पाण्याला गेला, आत आला. फादर उठले. मग मोबाइल विसरला, मग टॉयलेट, मग उगाच. नऊ वेळा. दरवेळी फादर टेबलाची कड धरून, तो गुडघा सावरत उभे राहिले. पोरं तोंडावर हात दाबून हसत होती. शेजारच्या खोलीत रजिस्टर पुढ्यात घेऊन मीही हसत होते, खोटं कशाला सांगू? नवव्या वेळी जोशुआच म्हणाला की फादर, बसा ना आता. फादर म्हणाले, आपण बसलात की बसतो. जोशुआ बसला. तेव्हापासून कंपाउंडमध्ये त्यांचं नाव पडलं, 'अहो फादर'.

यानंतर वर्गाची गर्दी वाढली असं लिहिलं तर गोष्ट छान होईल, पण ती वाढली नाही. अकरा होते ते अकराच राहिले. फक्त जी आली ती भांडायला लागली. देव आहे तर माझी आजी का गेली, पाप कोणी ठरवलं, मुलींना फादर का होता येत नाही. फादर प्रत्येक प्रश्न वहीत उतरवून घ्यायचे आणि पुष्कळदा म्हणायचे, "मला माहीत नाही. वाचून सांगतो." पुढच्या रविवारी खरंच वाचून यायचे. ऑब्री अंकलना हे अजिबात पसंत नव्हतं. फादरला माहीत नाही हे पोरांना कळलं तर उरलं काय, असं ते मला दोनतीनदा म्हणाले. मलाही ते थोडंसं पटलं होतं.

सोहळा पंधरा दिवसांवर आला आणि एका संध्याकाळी आलिशा ऑफिसात आली. वर्गातली सगळ्यात शांत, सगळ्यात आधी उत्तर देणारी मुलगी, सोळा वर्षांची. फादर उठले, तिला बसायला सांगितलं, मग स्वतः बसले. ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली आणि म्हणाली, "फादर, माझं नाव काढा ना लिस्टमधून. तिथे उभं राहून बोलायचंय ना, की बिलीव्ह करते म्हणून? आत्ता नाही करत मी. म्हणजे, माहीत नाही. पण बिशपसमोर खोटं कसं बोलू?"

आता हे समजूत घालणार, असं मला वाटलं. पहिल्या फादरांनी घातली असती, दुसऱ्यांनी आईला बोलावलं असतं आणि केव्हिननी तिला गिटार दिली असती. फादर इनास म्हणाले, "हे आपण स्वतः येऊन सांगितलंत. मी आपला आभारी आहे." आणि मला म्हणाले, यादीत दहा नावं ठेवा.

मी म्हटलं, फादर, सोहळ्याच्या पुस्तिका नावांसकट छापून आल्या आहेत, आधी तिच्या आईला कळवू या. ते म्हणाले, आलिशाच कळवतील. मग आलिशाकडे वळून म्हणाले, आपली हरकत नसेल तर मी सोबत येतो. समोरच्याच बिल्डिंगचा तिसरा मजला, लिफ्ट बंद. त्या गुडघ्याने ते चढले.

दुसऱ्या दिवशी आलिशाची आई ऑफिसात येऊन रडली. ड्रेस शिवून झाला होता, परळला हॉल घेतला होता, कुवेतहून मावशी निघाली होती. पाठोपाठ ऑब्री अंकल आले. त्यांनी फादरांना समजावलं की हे एका मिनिटाचं काम आहे. तेल लावायचं, संपलं, विश्वास काय नंतर बसतो. "आम्ही तरी कुठे विचार करून केलं होतं?" असं ते म्हणाले. इतकी खरी गोष्ट त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली.

फादर ऐकेनात, तेव्हा अंकलनी वर तक्रार केली. वरून केव्हिनचा फोन आला. फादरांना फोन कानाला लावून ऐकू येत नाही, ते स्पीकरवर ठेवतात, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं. ब्रो, असं करून आपण तरुणांना गमावतोय, असं केव्हिन कळवळून सांगत होते. आपले आकडे बघा, म्हणत होते. फादर इनास म्हणाले, "त्या कुठे गेलेल्या नाहीत. समोरच राहतात."

बिशप आले त्या रविवारी मी हॉलच्या किल्ल्या द्यायला वेदीमागच्या खोलीत गेले होते. बिशप झगा चढवत होते, हातात पुस्तिका होती. पुस्तिकेत नावं अकरा आणि बाहेर रांगेत उभी दहा. अकरावी कुठे, असं त्यांनी विचारलं. ऑब्री अंकल तत्परतेने पुढे होऊन म्हणाले की तिला ताप आहे.

"ताप नाही, बिशप," फादर म्हणाले. "त्या विचार करताहेत."

"किती दिवस करणार?"

"ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

बिशपांनी त्यांच्याकडे बघितलं. माझ्या हातातल्या किल्ल्या वाजू नयेत म्हणून मी त्या मुठीत गच्च धरल्या. आता फादरांची बदली, असं माझ्या मनात आलं, आणि गंमत म्हणजे ती मला नको होती. बिशपांनी डोक्यावर उंच टोपी चढवली, पुस्तिका मिटून टेबलावर ठेवली आणि ते बाहेर पडले.

आलिशा आली होती. साध्या कुर्त्यात, शेवटच्या बाकावर, एकटी. तिची आई कुवेतच्या मावशीला घेऊन चौथ्या बाकावर बसली होती आणि एकदाही मागे वळली नाही. दहा जणांच्या कपाळाला तेल लागलं. जोशुआने 'होय' इतक्या जोरात म्हटलं की लोक हसले. मग गाणं सुरू झालं आणि बिशप, त्यांच्या मागे फादर, असे सगळे मधल्या वाटेने दरवाजाकडे निघाले. शेवटच्या बाकापाशी फादर थांबले. आलिशाकडे वळले आणि वेदीसमोर वाकतात तसे तिच्यासमोर वाकले. मागची रांग अडली. ऑब्री अंकलची मेणबत्ती पुढच्या माणसाच्या पाठीला लागता लागता राहिली. आलिशाने मान खाली घातली आणि रडू लागली. तेव्हा कुठे तिच्या आईने मागे बघितलं.

जेवणं उरकल्यावर फादर ऑफिसात येऊन पाय लांब करून बसले. मी जरा चिडलेच होते. म्हटलं, फादर, एवढं ताणायचं काय अडलं होतं? पुढेमागे पटलंच असतं की तिला.

ते थोडा वेळ गुडघा चोळत राहिले. मग सांगू लागले. त्यांचा धाकटा भाऊ आजारी पडला होता, तेव्हा आईने नवस केला की हा वाचला तर थोरल्याला देवाला देईन. भाऊ वाचला. तेराव्या वर्षी वडिलांनी यांची ट्रंक भरली आणि एसटीने सेमिनरीत, म्हणजे फादर घडवतात त्या शाळेत नेलं. वाटेत केळी घेतली. दाराशी तिथले मोठे फादर वडिलांशी बोलले, वडिलांनी फॉर्म भरला, यांच्या केसांवरून हात फिरवला आणि परतीची गाडी पकडली.

"मला कोणी काही विचारलं नाही," फादर म्हणाले.

मला वाटलं, मला सगळं समजलं. मी हळूच विचारलं, "तुम्हाला व्हायचं नव्हतं?"

"व्हायचं होतं ना, सुषमाबाई. फार व्हायचं होतं. ते विचारतील म्हणून एसटीत मी उत्तर पाठ करत होतो."

"पण पुढे दीक्षेच्या वेळी विचारतात की सगळ्यांना. मीच त्या विधीच्या पत्रिका टाइप करते."

"विचारतात. पण तेव्हाचं उत्तर छापलेलं असतं."

खिडकीतून कंपाउंड दिसत होतं. दहा जण नव्या कपड्यांत, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून ओळीत उभे होते, आणि आलिशा गुडघ्यावर बसून त्यांचे फोटो काढत होती. जोशुआ हलला म्हणून ती त्याला ओरडली. फादर बघत होते.

मी विचारलं, काय उत्तर पाठ केलं होतं?

सत्तेचाळीस वर्षं झाली होती, पण त्यांना आठवावं लागलं नाही. पाय जवळ घेऊन ते सरळ बसले.

"हो फादर," ते म्हणाले. "मला यायचंय."