शेडगे हवालदारांचा शहाणा गोळा

आमच्या इमारतीतले शेडगे हवालदार दूध आणायला पायी निघाले की डोक्यावर हेल्मेट घालतात आणि स्कूटरवर बसताना ते काढून डिकीत ठेवतात. वाहतूक पोलिसानं अडवलं तर त्यालाच विचारतात, "समोरनं येणारं मला दिसतंय. वरनं येणारं तुला दिसतंय का?" पोलीस वर बघतो. कुणीही बघेल. तो मान खाली आणेपर्यंत हवालदार उमरोळीच्या पुढे गेलेले असतात.

तोफखान्यात वीस-बावीस वर्षं काढून हा गडी खटावहून बोईसरला आला आणि तारापूरच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो तिथं सुरक्षा सुपरवायझर झाला. आमच्या एमआयडीसीच्या हवेत भल्याभल्यांचे केस गळतात, यांच्या मिशा मात्र वाढतच गेल्या. आता दारातून आधी मिशा आत येतात, मग थोड्या वेळानं हवालदार. कुणाच्याही घरी गेले की यजमानाकडं न बघता छताकडं बघतात. "स्लॅब किती इंची?" हा त्यांचा नमस्कार आणि "टाळू सांभाळा!" हा निरोप.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोळा आहे. हवालदारांनी तो उभ्या जन्मात डागलेला नाही, डोळ्यांनी पाहिलेलाही नाही. निवृत्तीनंतर कुठल्याशा लष्करी मासिकात त्याचं चित्र दिसलं आणि माणूस पन्नाशीत प्रेमात पडावा तसा पडला. चित्र कापून त्यांनी देवघरात खंडोबाशेजारी लावलं. वहिनींनी चार दिवस आदळआपट केली आणि पाचव्या दिवसापासून गोळ्यालाही हळदकुंकू वाहायला सुरुवात केली.

"रणगाडा म्हंजे रेडा," हवालदार सांगू लागतात. "तोंडाकडनं जाशील तर कपाळ हातभर जाड. पण टाळू? तान्ह्या पोराची! मग आपला शहाणा गोळा काय करतो? लांबनं येतो आणि रेड्याच्या डोक्यावर हवेतच उघडतो. पोटातनं दोन डबे निघत्यात. बारकी छत्री धरून गरागरा फिरत खाली येत्यात आणि येता येता हुडकत्यात. झाड दिसलं, सोडलं. म्हस दिसली, सोडली. तापलेलं लोखंड दिसलं रे दिसलं, की वरनंच, टाळूत!"

'टाळूत' म्हणताना ते ऐकणाऱ्याच्या डोक्यावर टपली मारतात. आमच्या इमारतीत टक्कल पडण्याचं दुसरं कारण हे.

एकदा सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांनी प्रात्यक्षिक केलं. गच्चीवरून रुमालाच्या छत्र्या बांधलेले दोन बटाटे सोडले. पहिला अचूक चेअरमनच्या चहात. चहा उडाला, कपबशी उडाली, ठरावाचं पुस्तक उडालं. माझ्या माहितीप्रमाणे चेअरमनही वीतभर उडाले. दुसरा बटाटा फाटकाशी बसलेल्या यमुनाताईच्या टोपलीत पडला. यमुनाताई शिरगावची. आठवड्यातून तीनदा मासे घेऊन येते आणि तिचा आवाज ऐकून घरातल्या मांजरीसुद्धा सावधान उभ्या राहतात.

"काय रं हवालदार," ती गच्चीकडं बघून गरजली, "माज्या पापलेटांवर बटाटं टाकतंस? रस्सा तुजा बाप करील?"

तेव्हापासून हवालदारांना ती 'बटाटेभाऊ' म्हणते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ. यमुनाताई पायरीवर माझ्यासाठी मांदेली निवडत होती. बोलता बोलता म्हणाली, "आमचे जगनचे जालात लोखंडाचं नलकांडं आयलंय. मांडीएवडं जाडं, गंजलेलं. एका अंगाला तोंड बंद हाय. भंगारवाला आज कापाला येनार." जगन म्हणजे तिचा दीर.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत हवालदार दाढी करत होते. मला चेष्टेची लहर आली. ओरडलो, "हवालदार, तुमचा गोळा शिरगावला उतरला बरं का! जगन आज त्याचे तुकडे करणार आहे!"

वरून वस्तरा पडल्याचा आवाज आला.

मग जिन्यावरून जे खाली आलं ते बघून माझ्या हातातली पिशवी सुटली. बनियन, अनवाणी पाय, अर्ध्या गालावर साबण. आणि आवाज? दहा वर्षं ऐकलेला तो तोफेचा आवाज कुठं गेला कोण जाणे. एखादं लेकरू बोलावं तसे म्हणाले, "किती वाजता कापायचंय? जगनला फोन लाव, बाई."

यमुनाताईनं लावला. जगनचा फोन घरात चार्जिंगला होता आणि जगन किनाऱ्यावर.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. हवालदारांनी मला स्कूटरवर ओढलं. वाटेत पोलिसांना त्यांनीच माझ्याकडून फोन करवला. पालघर आलं कधी, गेलं कधी कळलं नाही. एका वळणावर स्कूटर इतकी आडवी झाली की मी रस्त्यावरचा दगड वेचू शकलो असतो.

शिरगावला बोंबलांच्या मांडवापलीकडं जगन त्या नळकांड्यावर घोड्यावर बसावा तसा टांग टाकून बसला होता, हलू नये म्हणून. समोर भंगारवाल्यानं गॅसकटर पेटवलेला. निळी ज्योत नळकांड्यापासून वीतभर.

हवालदार मांडवाला वळसा घालून गेले नाहीत. मांडवातून गेले. बांबू, दोर, शेकडो बोंबील घेऊन ते पलीकडं निघाले आणि खांदा मारून त्यांनी जगनला चार हात लांब फेकला. मग कटर बंद केला.

"चाचा, पागल हो क्या?" भंगारवाला किंचाळला.

"लांब व्हा सगळे! देवळामागं जा!"

लोक हसायला लागले. जगन सोललेलं कोपर धरून शिव्या देत पुढं आला. आणि आमचे हवालदार, ज्यांनी चेअरमनचीही कधी माफी मागितली नाही, ते वाळूत गुडघे टेकून जगनचे पाय धरून म्हणाले, "पाया पडतो तुझ्या, गड्या. लांब जा."

हसणं एकदम थांबलं. सगळे मुकाट गेले. मीही गेलो. हवालदार वाटेवर हात पसरून उभे राहिले, कुणी परत येऊ नये म्हणून. पोलिसांचं पथक येऊन जाड कपडे चढवून पुढं सरकलं तरी ते तिथंच. बऱ्याच वेळानं पथकातला एकजण डोक्यावरचा टोप काढून म्हणाला, "काका, जहाजाच्या पंपाचा पाइप आहे हा."

"नक्की?"

"नक्की."

"पुन्हा बघा."

त्यानं पुन्हा बघितलं. पाइपच. आख्खं शिरगाव खदाखदा हसलं. हवालदार मात्र वाळूत बसले आणि तोंड झाकून रडायला लागले. इतकी वर्षं ज्याच्या नावावर कारखान्यात रोज दोन विनोद खपवले, तो माणूस मला ठाऊकच नव्हता.

थोड्या वेळानं उठून ते विखुरलेले बोंबील वेचायला लागले. मीही वाकलो.

"रेंजवर सरावाला बारा गोळे डागले होते," ते खाली बघतच म्हणाले. "फुटल्याचे आवाज मोजायची रीत असती. मी अकरा मोजले. न फुटता मागं राहिला त्याला आम्ही आंधळा म्हणतो. दोन दिवस वाळू उकरली, घावला न्हाई. आठ दिवसांनी एका शेळीवाल्याला घावला. लोखंड म्हणून छिन्नी घेऊन बसला फोडायला."

मी एक बोंबील उचलून त्यांच्या हातात दिला.

"त्याची बायको गेटवर आली. भांडली न्हाई. एवढंच म्हणाली, 'साब, किसकी तोप का था?' मी म्हणालो, मालूम नहीं." हातातला बोंबील त्यांनी उगाच पुसला. "त्या अंगाला त्या दिवशी एकच तोफ होती. माझी."

"हवालदार..."

"त्या शहाण्या गोळ्याचे डबे असत्यात ना, त्यांना रणगाडा घावला न्हाई तर ते सोताला संपवत्यात. तशी रचनाच केलेली. मागं काय ठेवायचं न्हाई. चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलंय. मी पयलं तेवढंच वाचलं. बाकीचं मागनं शिकलो."

यमुनाताई टमटमनं केव्हाच येऊन आमच्या मागं उभी होती. मोडलेल्या मांडवासाठी तिनं बोईसरपासून शिव्या जमवत आणल्या असणार. त्यातली एकही बाहेर आली नाही. तिनं हवालदारांच्या हातातले दोन बोंबील घेतले, जबड्यात जबडा अडकवला आणि जोडी दोरावर टाकली.

"असं टांगाचं, भाऊ," ती म्हणाली.

जगन लंगडत आला आणि पडलेल्या बांबूचं दुसरं टोक उचलून उभा राहिला. हवालदार एकेक जोडी टांगू लागले. दर चार-पाच जोड्यांनी थांबत आणि जगनकडं बघत. आधी हात, मग पाय, मग पुन्हा हात.

शेवटी जगनच कावला.

"काय बगतंस सारका?" तो म्हणाला. "हाय मी. हाय!"