मोरपंखी साडीचा जबाब

निवडणुकीच्या प्रचारपटात दिसलेल्या माणसाला दरवर्षी पडद्यावरून खाली उतरून खर्चाचा जबाब द्यावा लागतो, आणि माझी बायको कौसल्या चौदा वर्षांपूर्वी वारली असली तरी नियम तिलाही लागू आहे. तारीख फेब्रुवारीत पडते. चोपडा गावच्या निवडणूक खर्च कक्षात पंच्याऐंशी सालचा प्रचारपट लावतात. सभेच्या तिसऱ्या रांगेतून ती उठते, पदर सावरते आणि टेबलासमोर येऊन बसते. तिचं वय सव्वीस. माझं बहात्तर.

पटात दिसणारी प्रत्येक वस्तू कोणाच्या पैशाची, हे जाहीर व्हावं लागतं. ते झालं की माणूस सुटतो, पुन्हा उतरत नाही. ढोलवाला पहिल्याच वर्षी सगळं सांगून सुटला. बैलजोडीचा जबाब मालकाने दिला. आता उरली आहे फक्त कौसल्या आणि तिची मोरपंखी साडी.

"या साडीचा खर्च कोणी केला?" कक्षाच्या अधिकारी बऱ्हाटे मॅडम दरवर्षी विचारतात.

"आठवत नाही," कौसल्या म्हणते.

मग पुढची तारीख पडते. परत जाण्याआधी चहापुरती दहा मिनिटं मिळतात. ती बशीत ओतून फुर्र करून पिते, पूर्वी प्यायची तशीच, आणि मी नुसता बघत बसतो. ते दिवस फार चांगले होते.

पण तिचं उत्तर माझ्या मनाला लागायचं. साडी मीच घेतली होती, लग्नानंतरची पहिली, सायकल विकून. ते अख्खं वर्ष मी शाळेला पायी गेलो. एवढं कसं विसरली?

यंदा चहाच्या वेळी मला राहवलं नाही. "अगं, खरंच आठवत नाही का?"

"हिरवी सायकल होती," ती हळूच म्हणाली. "घंटी तेवढी काढून ठेवली होती तुम्ही. पण सांगितलं तर सुटेन ना मी."

मॅडमनी कप खाली ठेवला. त्यांनी ऐकलं होतं, आणि ऐकलेलं तपासून घ्यावं असा नियम आहे.

"गुरुजी, आता तुम्ही साक्षीदार. शपथेवर सांगा, साडी कोणी घेतली?"

खोट्याच्या कपाळी गोटा, हे मी पस्तीस वर्षं वर्गात शिकवलं. मी उजवा हात वर केला. कौसल्या बशीकडे बघत होती.

"वय झालं, मॅडम," मी म्हणालो. "काही आठवत नाही."

त्यांनी तसंच लिहून घेतलं, आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या आणि पुढच्या फेब्रुवारीची तारीख दिली.