पाच पात्यांचा नागोबा

चातुर्मासात मी दर वर्षी काहीतरी सोडते. एका वर्षी वांगं सोडलं, एका वर्षी गादी. (एका वर्षी शेजारच्या गयाबाईबद्दल बोलणं सोडलं होतं, पण ते व्रत दुपारपर्यंतच टिकलं.) भिलाईच्या पोलाद कारखान्यात दुसरी भट्टी पेटली, त्यानंतरच्या पहिल्या आषाढीला मी देव्हाऱ्यापुढे हात जोडून मोठ्यानं म्हटलं, "देवा, या वर्षी कुरकुर सोडते. चार महिने यांना कशालाच नाही म्हणणार नाही."

देवानं ऐकलं की नाही, ठाऊक नाही. यांनी ऐकलं.

यांनी म्हणजे आमच्या घरच्यांनी. (नाव घेत नाही. गयाबाई 'देवीदासभाऊ' म्हणते, त्यावरून काय ते समजा.) हे कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये फिटर. आठ तास लोखंडाशी झटून आलेल्या माणसाला घरी लोखंडाचा वीट यावा की नाही? यांना उलट भूक लागायची. लग्नात यांच्या मामांनी कामठीच्या मिलिटरी लिलावातला एक घडीचा चाकू दिला होता. चाकू, डबा उघडायचं पातं, आरी, पेचकस, सगळं एका मुठीत मिटलेलं. त्याची स्प्रिंग गेली म्हणून एका रविवारी यांनी तो खोलला, आणि एखाद्याला भजनाचं वेड लागावं तसं यांना चाकूंचं लागलं. दुर्गच्या बाजारातून मोडके चाकू आणायचे, रिवेट काढायचे, पाती वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायची. मग याचं पातं त्याला, त्याची स्प्रिंग तिसऱ्याला, मूठ नवीनच. जेवायला बसताना मी आधी ताट ठेवायची जागा चाचपून बघायची.

पण खरं सांगते, माझं तोंड बंद केलं ते यांनी माझ्यासाठी केलेल्या चाकूनं. त्यात पेचकस काढून समईची वात सारायची काडी बसवली होती. डब्याच्या पात्याच्या जागी करंजीचं कातणं, आणि पाठीला नारळाची शेंडी सोडवायची आकडी. मी तो हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. माहेरी तुमसरला लोखंड म्हणजे तवा, नाहीतर विळा. लोखंड असं कुणाचं ऐकतं, नखाच्या टोकानं उठतं आणि कट् करून जागेवर बसतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. अवघी भिलाई बाहेर टनांनी पोलाद ओतत होती, त्याचं मला एवढं नवल वाटलं नव्हतं.

तो चाकू हे दाखवायला शॉपमध्ये घेऊन गेले, आणि तिथं तो येगोर साहेबांनी पाहिला. येगोर साहेब रशियातून आलेले, मशीन शॉपचे मोठे जाणकार. हिंदी बोलायचे, पण एकेक शब्द वजन करून. दुसऱ्या दिवशी त्यांनी रुमालातून स्वतःचा चाकू काढला. पाच पात्यांचा. दोन पाती तुटलेली, स्प्रिंग मेलेली, मूठ उभी चिरलेली.

"देवीदास," साहेब म्हणाले, "यह पिता का. युद्ध में साथ. पिता वापस नहीं आया. चाकू आया."

साहेबांची मुदत संपत आली होती. नागपंचमीच्या दिवशी संध्याकाळी दुर्गहून मेल पकडून ते कायमचे परत जाणार होते. यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "हो जाएगा, साहब."

तीन आठवडे मिळाले, आणि ते सगळे माझ्या व्रतात पडले.

"आयकते का वो? तुयं शिसमाचं लाटणं कामाचं हाये का?"

लाटणं त्या वेळी माझ्या हातात होतं आणि खाली अर्धी लाटलेली पोळी होती. "घ्या," मी म्हटलं. त्याची मूठ झाली. पुढं मी तांब्यानं पोळ्या लाटू लागले. मग देवाची पितळी पळी गेली, मुठीच्या आतल्या पत्र्याला. मग सहाण.

"धार लावाले पाह्यजे. असा दगड साऱ्या कारखान्यात नाई."

"घ्या," मी म्हटलं. चंदनाऐवजी तिच्यावर पोलाद उगाळलं गेलं.

गयाबाई दारात उभी राहून हे सगळं बघत असे. "कावून देऊन राहिली वो सारं? उद्या मंगळसूत्राची तार मांगन, त तेबी देशीन का?"

"मागितली होती," मी म्हटलं. "बारीक पडली."

चतुर्थीला दिवे लावायच्या वेळी चाकू पुरा झाला. यांनी एकेक पातं उघडून दाखवलं. कट्, कट्, कट्, कट्, कट्. पाच आवाज, पाचही सारखे, जणू एकाच घंटेचे. दोन नवी पाती कोणती आणि तीन जुनी कोणती, मला ओळखता येईना. यांनी चाकू मिटून रुमालात गुंडाळला आणि फळीवर ठेवला.

"साहेब उद्या चार वाजता इथंच येईन, चहा घेईन, आन् इथूनच टेसनावर जाईन. याले धक्का नको लागू देजो."

"मी कशाला धक्का लावते?" मी म्हटलं. आणि लावला नाहीच. मी जे केलं ते फार हलक्या हातानं केलं.

मला सख्खा भाऊ नाही. लहानपणापासून नागोबालाच भाऊ मानते. चतुर्थीला त्याच्या नावानं उपास, पंचमीला दूध-लाह्या. त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, कापायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. पहाटेच मी विळी, अडकित्ता, कात्री गोळा करते, तांबड्या फडक्यात बांधते, भावाच्या आयुष्यासाठी सात गाठी मारते. त्या दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावरच सोडायच्या. या वर्षी गाठोड्यात यांची कानसही घातली, छिन्नी घातली, पकड घातली. (हातोडीला धार नसते, पण तिचा भरवसा नाही, म्हणून तीही.)

हे पहिल्या पाळीला गेले. मी पूजेला निघाले, तर क्वार्टरमागचं वारूळ नाही! तिथं नवी सडक. बुलडोझरनं वारूळ कधी उचललं, मला कळलंही नव्हतं. बरं, पाटावर चंदनाचा नाग काढावा, तर सहाण तेलानं काळीभोर. शेवटी हळदीनं काढला. तो नाग कमी आणि गांडूळ जास्त दिसत होता. एवढी वर्षं भाऊ मानला आणि त्याला असं रूप द्यायचं? माझे डोळे भरून आले. तसंच वर पाहिलं, तर फळीवर रुमाल.

मी चाकू काढला, अलगद. पाचही पाती उघडून पंख्यासारखी पसरली आणि ताम्हनात उभा केला, खाली तांदूळ देऊन. खिडकीतून ऊन आलं आणि त्या पात्यांवर पडलं. भिंतीवर सावली उमटली. पाच फण्यांची!

माझ्या अंगावर काटा आला. शेष म्हणतात तो हाच. लाटण्याची मूठ म्हणजे त्याची मान, रिवेट म्हणजे डोळे. धारेचं म्हणाल, तर देवाच्या हातातही शस्त्र असतंच, ते काय आपण गाठोड्यात बांधतो?

दूध वाहिलं. लाह्या वाहिल्या. तेवढ्यात गयाबाई आली.

"अवो माय! हा कोठून आला वो?"

"कारखान्यातून."

 तिनं पदर डोक्यावर घेतला, घरी गेली आणि पंचामृताची वाटी घेऊन आली. मागोमाग पलीकडच्या क्वार्टरमधली मैनाबाई आली, "जय हो नाग देवता" म्हणत. तासाभरात अकरा जणी झाल्या. प्रत्येकीचं वारूळ त्याच सडकेखाली गेलेलं. प्रत्येकीनं चमचाभर दूध घातलं, चिमूट हळद, चिमूट कुंकू, आणि गुळाचा खडा पात्यांच्या मधोमध, कारण तिथंच त्याचं तोंड, असं गयाबाईनं ठरवलं. नागोबा पोटापर्यंत दुधात बसला होता. मला तर सुखात दिसला.

दुपारी उत्तरपूजा केली, पदरानं पुसला, पाती मिटली. काल कट् वाजत होतं, आज फच् वाजलं. मला वाटलं, पोट भरलं असेल.

तीन वाजता हे आले, हात धुतले, रुमाल सोडला. पात्याला नख लावलं. पातं हललं नाही. दुसरं हललं नाही. यांनी चाकू नाकाशी नेला.

"याले कोणं हात लावला?"

"हात नाही लावला. पूजा केली."

"कायची पूजा?"

"दूध, दही, तूप, मध, साखर..." मी सांगत गेले आणि यांचा चेहरा उतरत गेला, जसा डॉक्टर रोगांची नावं घेताना रोग्याचा उतरतो. "आणि गूळ. पण फार नाही. अकरा खडे."

यांनी चाकू खाली ठेवला. "तीन आठवड्याची मेहनत गेली, त्याचं काई नाई वो. पण त्या मानसाच्या बापाची एवढीच एक वस्तू हाये. रिवेट काढूनच धुवा लागन. माही पकड कोठी हाये?"

मी गाठोड्याकडे पाहिलं. यांनीही पाहिलं. सात गाठी. गाठी सोडाव्या तर भावाचं व्रत मोडतं, न सोडाव्या तर यांना नाही न म्हणायचं व्रत मोडतं. आणि दोन्हींपेक्षा मोठं, यांचा शब्द मोडतो. मी गाठोडं खाली काढलं. नागोबा, भाऊ तूच आहेस, तूच समजून घे, असं मनात म्हणत पहिल्या गाठीला हात घातला. गाठ सुटेना.

यांनी माझा हात धरला. "राहू दे. मी सांगतो साहेबाले, मायाच्यानं नाई झालं."

तेवढ्यात बाहेर जीप थांबली.

साहेब आले, नमस्ते झाला. मी चहा केला, गोड, आणि वाफेवर उकडलेले कानोले ठेवले. यांनी चाकू पुढं केला आणि मान खाली घातली. "साहब, मेरे से नहीं हुआ."

साहेबांनी मूठ निरखली, शिसमावरून अंगठा फिरवला, पात्याला नख लावलं. मग त्यांनीही चाकू हुंगला. "दूध?"

यांना सगळं आपल्यावर घेताना बघून मला राहवलं नाही. पदर सावरून पुढं झाले. माझी हिंदी म्हणजे भाजीवाल्याशी भांडण्यापुरती. "साहब, मैंने किया. मेरे को भाई नहीं. ये... ये भाई," मी चाकू दाखवला. "भाई को दूध पिलाया."

 मग साहेबांनी काय केलं असेल? वाफाळणारा चहाचा पेला ओढला आणि चाकू अख्खा त्यात बुडवला. यांच्या तोंडून "अरे!" निघालं.

"पिता ने चिट्ठी में लिखा," साहेब म्हणाले. "बहुत बरफ. चाकू बंद. गरम चाय में... थोड़ा ठहरो."

आम्ही थांबलो. माझा जप चालूच होता. साहेबांनी चाकू काढला, नख लावलं, आणि कट्. मग कट्, कट्, कट्, कट्. पाच आवाज, पाचही सारखे. यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चहावर एक लाही तरंगत आली. साहेबांनी ती बघितली आणि लाहीसकट चहा पिऊन टाकला, हळद-कुंकवासकट.

मी हात जोडले. माणूस होता की कोण होता! आणि मी हात जोडून उभी असतानाच साहेबांना कोपऱ्यातल्या टोपलीत काकडी दिसली. मी काही म्हणायच्या आत त्यांनी ती उचलली, मोठं पातं लावलं आणि सप्पकन उभी कापली. नागपंचमीला! माझ्या घरात! नागोबाच्याच पात्यानं! त्यांनी मीठ मागितलं, दोन फोडी एकमेकींवर घासल्या आणि एक माझ्यापुढं धरली.

"बहन," ते म्हणाले.

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी छताकडे पाहिलं. भाऊ पहिल्यांदा घरी आला, स्वतःच्या हातानं देत होता. मी खाल्ली. एवढी गोड काकडी पुन्हा मिळाली नाही. (पातं गोड चहात धुतल्यामुळं तशी लागली असेल, असं हे म्हणतात. यांना भक्ती कमी.)

जाताना साहेबांनी चाकू मिटून कपाळाला लावला, अगदी आमच्यासारखा, आणि जीप दुर्गच्या दिशेनं गेली. गयाबाईला काकडीचं सांगितलं, तर ती म्हणाली, "नागोबानं सोताच कापली, त तुले कायचं पाप?" त्या दिवसापासून मी तिच्याबद्दल बोलणं खरंच कमी केलं आहे.

पुढल्या आषाढात साहेबांचं पत्र आलं. कारखान्यातल्या दुभाष्यानं ते वाचून दाखवलं, आणि यांनी घरी येऊन मला शब्द न् शब्द सांगितलं. पाचही पाती उत्तम चालतात. गावात जो तो मूठ हातात घेऊन बघतो आणि यांच्या हातांचं कौतुक करतो. फक्त एक विचारायचं आहे. नदीवर मासे धरायला गेलं आणि चाकू गवतावर ठेवला, की पाच मिनिटांत त्याच्याकडे मुंग्यांची रांग लागते. तर भिलाईत चाकूला कुठलं तेल घालतात, ते कळवावं.

यांनी माझ्याकडे पाहिलं. आता त्या गावात यांच्या कारागिरीचं नाव निघतं, आणि माझ्या वाट्याला मुंग्या.