रिकाम्या कपाटांचे कंट्रोलर

शेषराव इंगळे पुस्तक देत नाहीत, सोडतात. म्हणजे वाचकानं पुस्तक मागितलं, की ते आधी खुर्चीतून उठतात, शर्टाचं वरचं बटण लावतात, घसा साफ करतात आणि वाचनालयात दोनच माणसं असली तरी रस्त्यापलीकडच्या पानटपरीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणतात, "लक्ष द्या! कपाट क्रमांक तीनवरून सुटणारी ऐतिहासिक कादंबरी, मारुती गल्लीमार्गे कुलकर्णीबाईंच्या घरी जाण्यासाठी तयार आहे. प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी." प्रवासी म्हणजे एकट्या कुलकर्णीबाई आणि सामान म्हणजे त्यांची भाजीची पिशवी. तरी त्या पिशवी छातीशी धरतात.

या घोषणांपायी गावात काही गुप्त राहत नाही. निवृत्त तलाठ्यांनी एकदा टक्कल घालवण्याच्या घरगुती उपायांचं पुस्तक नेलं, तर ते रस्ता ओलांडायच्या आत त्यांना पानटपरीवरून मेथीदाणे भिजत घालायचा सल्ला मिळाला. तलाठी चिडून परत आले. इंगळे शांतपणे म्हणाले, "भाऊ, गाडीले पाटी लावाच लागते. बिनापाटीची गाडी मी सोडत नाही."

इंगळे आयुष्यभर एस.टी.त होते. नोकरीची शेवटची वर्षं आमच्याच स्टँडवर, जाळीच्या खोलीत, मायक्रोफोनपुढे गेली. सगळे त्यांना कंट्रोलर म्हणतात. निवृत्त झाल्यावर ते वाचनालयात पेपर वाचायला येऊ लागले आणि कपाटांकडे अशा नजरेनं बघू लागले, जशी डेपोत उगाच उभ्या असलेल्या गाड्यांकडे बघत असावेत.

वाचनालयाचा सचिव तेव्हा मी होतो. मी म्हणजे देशमुख सर, निवृत्त मुख्याध्यापक. आज आमच्या भागात लोक सांगतात, की पाच गावांची वाचनालयं एकमेकांना जोडली ती देशमुख सरांनी. त्याबद्दल मला शाल मिळाली, नारळ मिळाला, पेपरात फोटो आला. फोटोत मी हसतो आहे. तो बघितला की मला जेवण जात नाही. म्हणून आता, हात लिहिते आहेत तोवर, खरं काय झालं ते सांगून टाकतो.

इंगळ्यांना मानद ग्रंथपाल मीच केलं. कारण ते पगार मागणार नव्हते आणि, माझी खात्री होती, प्रश्नही विचारणार नव्हते. माणूस जरा येडा आहे, असं मी कार्यकारिणीत हसत हसत सांगितलं होतं.

प्रश्न विचारणारा माणूस आम्हाला परवडणारा नव्हता. आमच्या भागातली पाच वाचनालयं, काही घाटावर, काही घाटाखाली. गावांची नावं सांगत नाही, सगळ्यांना अजून तिथंच राहायचं आहे. दरवर्षी तपासणी होई. कपाटात किती पुस्तकं आहेत त्यावर वाचनालयाचा वर्ग ठरे आणि वर्गावर अनुदान. आता प्रत्येक गावाकडे तेवढी पुस्तकं नव्हती. पण पाचही गावांची तपासणी एकाच दिवशी होत नसे. तेव्हा आम्ही एक लोखंडी ट्रंक केली होती. तपासणी एका गावात आटोपली, की ट्रंक पुढच्या गावात. तिथं पुस्तकं कपाटात लागत, मोजली जात, पुन्हा ट्रंकेत बसत. ट्रंकेचा कारभार माझ्याकडे होता आणि मी तो चोख सांभाळत होतो.

इंगळे आले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं. हा कॉम्प्युटर कोणीतरी देणगी दिलेला. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागे, एरवी त्याला कोणी हात लावत नसे. इंगळे एका बोटानं शिकले. मग माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "सर, पाची गावाची पुस्तकं एकाच यादीत घेतो. इथल्या माणसाले कळन, का त्याले पायजे ते पुस्तक घाटाखाली हाये. अन् तिथून आनून देऊ."

"आणणार कोण?"

"अप-डाऊनवाले! मास्तरीन बाया हायेत, नर्स हायेत, बँकेतले लोक हायेत. रोज जातेत, रोज येतेत. डब्याच्या पिशवीत एक पुस्तक काही जड नाही होत."

मला वाटलं, दोन आठवड्यांत थकतील. मी हो म्हणालो.

ते थकले नाहीत. सुट्टीच्या दिवशी एकेका गावी जायचे आणि तिथली पुस्तकं यादीत चढवायचे. पाचही ग्रंथपालांच्या मोबाइलवर ती यादी दिसू लागली. इतर ठिकाणी 'उपलब्ध' आणि 'दिलेले' असं लिहितात, इंगळ्यांनी लिहिलं 'डेपोत', 'मार्गावर', 'मुक्कामी' आणि 'नादुरुस्त'. मुक्कामी म्हणजे वाचकानं मुदत वाढवून घेतलेलं. वाळवी लागलेलं पुस्तक नादुरुस्त. अप-डाऊन करणाऱ्या शिक्षिकांना ते 'विशेष गाडी' म्हणत. पहिल्यांदा एका बाईंना राग आला होता, नंतर त्याच स्टँडवरून फोन करून सांगू लागल्या, "कंट्रोलरसाहेब, विशेष गाडी पाच मिनिटं लेट आहे हो!"

आणि एके दिवशी ते माझ्या घराच्या फाटकात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"सर, एक गाडी एकाच टायमाले तीन डेपोत कशी काय उभी राह्यते?"

"कोणती गाडी?"

"मिशीवाली."

झालं होतं असं. एका कौटुंबिक कादंबरीच्या मुखपृष्ठावर पदर घेतलेली एक बाई होती. कुण्या वात्रट पोरानं निळ्या पेननं तिला मिशा काढल्या होत्या. ती कादंबरी तीन गावांच्या दप्तरात होती. इंगळ्यांनी ती एका गावी यादीत घेतली होती. मग बाकीच्या दोन गावच्या ग्रंथपालांना विचारलं, तर दोघांनीही छातीठोकपणे सांगितलं, हो हो, आमच्याकडे आहे की, तीच मिशीवाली.

"वेगवेगळ्या प्रती असतील," मी म्हणालो.

"तिन्ही बायांले मिश्या? अन् तिघींचीबी डावी बाजू आखूड?"

मी फाटकाला धरून उभा राहिलो. वर्गातल्या पोरांच्या थापा मी आयुष्यभर पकडत आलो होतो. स्वतः पकडला गेल्यावर काय करायचं ते माहीत नव्हतं. मग मी ट्रंकेचं सगळं सांगून टाकलं.

ते चिडतील, तक्रार करतील, असं वाटलं होतं. ते फाटकातच हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून पुसला. "म्हंजे सर, पुस्तकं तं आधीच फिरून राह्यली होती! रस्ता होता, गाडी होती, टाइमटेबल होतं. निसते पॅशेंजर नव्हते!"

त्या वर्षीच्या तपासणीची तारीख आली. नेहमीप्रमाणे ट्रंक भरायची, तर ट्रंकेतली पुस्तकं ट्रंकेत नव्हती. इंगळ्यांनी ती सगळी मार्गाला लावली होती. त्यांत भरती परीक्षांची पुस्तकं होती, ती घाटाखालच्या गावातल्या पोरींकडे होती. पोरी त्या पुस्तकांवर टोळधाडीसारख्या तुटून पडल्या होत्या आणि परीक्षा तपासणीनंतर लगेच होती.

पाचही सचिव आमच्या वाचनालयात जमले. घाटाखालचे सचिव बाबूसेठ, मिरचीचे व्यापारी. ते तर आल्याबरोबर कॉम्प्युटरकडेच गेले. "कंट्रोलर, हात जोडतो जी. तपासणी होईलोक याचं बटन बंद करा, अन् पुस्तकं माघारी बोलवा. वर्ग गेला तं वाचनालयाले कुलूप लागन."

"बोलावतो. मंग त्या पोरी काय वाचतीन?"

"आठ दिवसांनी देऊ ना परत!"

"आठ दिवसांनी परीक्षा झाली राह्यते, सेठ. घाट अर्धा चढल्यावर गाडी माघारी नाही बोलावता येत."

"अन् आमचं काय?"

"तुमचंही तिकीट काढेल हाये. बसा गुपचाप."

बाबूसेठ माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही सांगा त्याले! तुमचाच माणूस हाये ना?"

मी खिडकीबाहेर बघत बसलो. म्हणे, देशमुख सर त्या दिवशी कंट्रोलरच्या मागे खंबीरपणे उभे राहिले. मी उभाही नव्हतो, बसलेला होतो.

तपासणीला आमच्याकडे एक मॅडम आल्या, तेव्हा पाचही सचिव हजर होते. कमी बोलणाऱ्या, हातात पेन. पहिलं कपाट उघडलं. आत डांबरगोळ्या आणि एक पाल. दुसरं उघडलं. एक फळी भरलेली, बाकी मोकळ्या. बाबूसेठांनी तर डोळेच मिटून घेतले.

"पुस्तकं कुठे आहेत?"

इंगळे उठले. वरचं बटण लावलं. "मॅडम, पुस्तकं मार्गावर हायेत."

त्यांनी पाचही गावांची एकत्र यादी पुढे केली, तेव्हा मोजणीही पाचांची एकत्रच सुरू झाली. मॅडमनी मध्येच एका नावावर पेन ठेवलं. "हे?"

"घाटाखाली. युसूफभाई शिंप्याकडं. मुक्कामी."

"फोन लावा."

इंगळ्यांनी फोन लावून स्पीकर चालू केला. शिलाई मशीनचा आवाज थांबला. "अरे कंट्रोलरसाब, किताब मेरे पास हैच! पर अभी मत मंगाओ, हाथ जोडता. आखरी के थोडे पन्ने बाकी है. खून किसने किया, इत्ता तो पता चलने दो!"

मॅडमच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली. त्यांनी दुसऱ्या नावावर पेन ठेवलं, तिसऱ्या, चौथ्या. प्रत्येक पुस्तकाचा पत्ता होता आणि प्रत्येक पत्त्यावर माणूस होतं. तेवढ्यात घाटाखालची गाडी आली. इंगळ्यांनी आदल्या दिवशी निरोप फिरवला होता, पुस्तक परत करू नका, निव्वळ घेऊन या, दाखवा आणि परत न्या. स्टँडकडून माणसं चालत आली. डब्याच्या पिशव्यांतून, ओच्यातून, दप्तरांतून पुस्तकं निघाली. शेतातून थेट आलेल्या एका म्हातारबुवांनी टॉवेलात गुंडाळलेलं ज्ञानकोशाचं जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "लवकर पाहा बाई, मले ओलीत हाये, वावरात पानी सोडून आलो." भरतीच्या पोरी मोजणी होईतो भिंतीला टेकून, त्याच पुस्तकांतली प्रश्नपत्रिका सोडवत होत्या. गर्दी रस्त्यावर गेली. पानटपरीवाल्यानं धंदा बंद करून रांग लावायला सुरुवात केली. आमच्या वाचनालयात एवढी माणसं मी फक्त टीव्ही नवीन आला होता तेव्हा पाहिली होती.

संध्याकाळ व्हायला आली तशी मॅडमनी पेन खाली ठेवलं. "वाचक खरे आहेत. पण मागच्या वर्षी पुस्तकं यापेक्षा बरीच जास्त होती. पाचही ठिकाणी. ती कुठे गेली?"

पाचही सचिव आपापल्या चपलांकडे बघू लागले. मग मी बोललो. ट्रंकेचं सगळं, भर गर्दीत, माझ्या तोंडानं सांगितलं. इथूनच माझी कीर्ती सुरू झाली. सरांनी काय हिंमत केली, लोक म्हणाले. हिंमत कसली! इंगळे माझ्या मागे उभे होते आणि माझ्या पाठीत बोट रुतवून हळू आवाजात म्हणाले होते, "सर, हॉर्न वाजवा. गाडी अडून राह्यली."

दोन गावांचा वर्ग एका पायरीनं खाली आला. कुलूप एकालाही लागलं नाही. मॅडमनी निघताना सांगितलं, की पाचांची यादी एक आहे तर ती आणखी गावांना का नको? इंगळे म्हणाले, "मार्ग तुम्ही मंजूर करा, गाड्या मी सोडतो." पुढं जळगाव जामोदकडून विचारणा आली, लोणारकडच्या एका वाचनालयाची माणसं बघून गेली. घाटाखालच्या पोरींपैकी काही भरती झाल्या, त्यांतली एक खाकी गणवेशात पुस्तक परत करायला आली, तेव्हा इंगळ्यांची घोषणा पार बाजारात ऐकू गेली. बाबूसेठांनी पेढे वाटले आणि आता ते सगळीकडे सांगतात, की बटण बंद करू नका असं त्यांनीच ठासून सांगितलं होतं.

सत्कार माझा झाला. त्या वेळी इंगळे पुस्तकांची पिशवी घेऊन स्टँडवर गेले होते. त्यांचं नाव भाषणात घ्यायचं मी ठरवून गेलो होतो. टाळ्या वाजल्या आणि ते राहून गेलं.

कार्यक्रम संपल्यावर मी वाचनालयात गेलो. ते दिवा लावून बसले होते.

"सर, एक काम होतं. मले सभासद व्हायचं हाये."

मी हसलो. "अहो, सगळं वाचनालय तुमच्या हातात आहे."

"हातात हाये, घरी नाही ना. जो सभासद नाही त्यानं पुस्तक घरी न्यायचं नाही, मीच तं सांगतो सगळ्यायले."

इतक्या वर्षांत या माणसानं एकही पुस्तक घरी नेलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. "मग आधीच का नाही झालात?"

ते टेबलावरची काच पुसू लागले. "ओळखीच्या सभासदाची सही लागते ना जी. नोकरीत साऱ्या बदल्याच झाल्या. इथं समदे वळखतेत मले, पन कंट्रोलर म्हनून. घरी कोनी येत नाही, मी कोनाकडं जात नाही. कोनाले म्हनाव, माह्या ओळखीवर सही करा?"

"मला म्हणायचं होतं."

"तुमाले कसं म्हनू? त्या टायमाले तं तुम्ही मले..." ते थांबले आणि पुन्हा काच पुसू लागले. कार्यकारिणीत मी काय म्हणालो होतो ते त्यांच्या कानावर गेलं होतं. अगदी पहिल्याच दिवशी.

मी सही केली. त्यांनी एक पातळसं प्रवासवर्णन कधीचंच बाजूला काढून ठेवलं होतं, ते पिशवीत घातलं. आम्ही कुलूप लावलं.

"चला," मी म्हणालो, "घर दाखवा."

"माह्यं? काऊन?"

"चहा प्यायला."

"दूध नाही ना जी घरी."

"बिनादुधाचा पिऊ."

ते पुढे पुढे चालत राहिले, जरा घाईनंच. कोपऱ्यावरच्या दुकानाशी थांबले आणि दुधाची पिशवी मागितली. दुकानदारानं काही विचारलं नव्हतं, तरी पैसे देता देता त्याला म्हणाले, "पाव्हने हायेत घरी."