दोनदा रद्द झालेला चषक

एखादी गोष्ट रद्द करणे हे ती सुरू करण्याहून कितीतरी अवघड काम आहे. कारण सुरुवात कोणीही उत्साहाच्या भरात करू शकतो, रद्द करायला मात्र अधिकार लागतो. मालुआ बेटावर अधिकाराचा तुटवडा कधीच नव्हता. तिथे इंग्रज आणि फ्रेंच अशी दोन सरकारे एकाच वेळी राज्य करीत, आणि त्यामुळे सगळेच दोन-दोन होते: दोन पोलीसपथके, दोन प्रकारची टपालतिकिटे, दोन ध्वज (त्यांच्या काठ्यांची उंची दर सोमवारी मोजली जाई) आणि दोन तुरुंग. फ्रेंच तुरुंगातले कालवण बरे असल्याने लोक शक्यतो फ्रेंच कायद्याखालचेच गुन्हे करीत. बेटाचे मूळ रहिवासी मात्र, दोन्ही सरकारांनी ठरविल्याप्रमाणे, दोहोंपैकी कोणत्याच देशाचे नागरिक नव्हते. दोघांचे एकमत झालेली ही एकमेव बाब असल्याने ती फार काटेकोरपणे पाळली जाई.

या दोन महासत्तांमध्ये दरवर्षी फुटबॉलचा आंतरराष्ट्रीय चषक खेळला जाई. बेटावर इंग्रज चार आणि फ्रेंच पाच (पैकी एक पाद्री, तोही गुडघ्याने अधू), त्यामुळे संघांतल्या उरलेल्या जागा रहिवाशांतून भरीत. प्रॉटेस्टंट देवळात जाणारा काल्तापाऊ त्या दुपारपुरता इंग्रज होई. त्याचा मेहुणा तारी कॅथलिक शाळेत दोन इयत्ता शिकलेला, म्हणून तो फ्रेंच. सूर्यास्त झाला की दोघेही पूर्ववत कोणीच नसत.

त्या वर्षी सामन्यानंतरच्या जेवणावळीचा मान काल्तापाऊकडे होता. सुळे वळून कड्यासारखे झालेले आपले डुक्कर त्याने मैदानाकाठच्या वडाला बांधले आणि चारचौघांत जाहीर केले, ‘हे चषकाचं.’ जाहीर केलेले डुक्कर परत घरी नेता येत नाही, आणि दुसऱ्या निमित्ताने कापताही येत नाही. जो नेतो त्याला पुढे आयुष्यभर ‘दोर सोडणारा’ म्हणतात, आणि डुक्कर कापून गावाला जेवू घातल्यावर मिळणारे वडिलांचे नाव त्याला धारण करता येत नाही. काल्तापाऊ ते नाव घेण्यासाठीच इतकी वर्षे डुकराला नारळ भरवीत होता.

अशात युरोपात युद्ध पेटले आणि दोन्ही सरकारांच्या मुख्य साहेबांना आपापल्या राजधानीतून तारा आल्या: आंतरराष्ट्रीय सामने बंद. दोघे सामना बंद करायला मनापासून तयार होते, आणि अडचण तिथेच उपटली. इंग्रज पेटिग्रू साहेबांच्या मते चषक ‘रद्द’ होता. फ्रेंच लाकोम्ब साहेबांच्या मते तो ‘विजयापर्यंत तहकूब’ होता. रद्द झालेली गोष्ट तहकूब करता येत नाही आणि तहकूब गोष्ट रद्द केल्यास विजयाविषयी शंका व्यक्त होते. अखेर दोघांनी दोन झाडांवर दोन फर्माने ठोकली. एकाने बादशहाच्या तमाम प्रजाजनांना खेळण्यास मनाई केली, दुसऱ्याने प्रजासत्ताकाच्या तमाम नागरिकांना.

संध्याकाळी कावाच्या, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या गुंगीच्या पेयाच्या, बैठकीत काल्तापाऊ करवंटी हातात धरून बसला होता. कावा प्यायल्यावर कोणाचा आवाज चढत नाही, त्यामुळे टोमणेसुद्धा हळूच मारावे लागतात.

“काय दाजी,” तारी हळूच म्हणाला, “दोर आज सोडताय की उद्या? मी येतो हात लावायला.”

“तू फर्मान वाचलंस का?”

“माझ्या झाडावरचं वाचलं. नागरिकांनी खेळू नये म्हणतात.”

“माझ्या झाडावर प्रजाजनांनी.” काल्तापाऊने करवंटी खाली ठेवली. “तू नागरिक आहेस का रे?”

“मी? मला कोण करतंय नागरिक.”

“मग तुला मनाई कुणी केली?”

तारीने आपली करवंटी रिकामी केली. “दाजी,” तो म्हणाला, “डुकराला पाणी पाजलंत का? तहानलं असेल.”

शनिवारी मैदानावर बावीस जण उतरले, आणि त्यांत एकही नागरिक नव्हता. बातमी लागताच दोन्ही साहेब आपापले पोलीस घेऊन धावत आले.

“तुम्ही कोणाच्या वतीने खेळता आहात?” पेटिग्रू साहेबांनी दरडावून विचारले.

“कोणाच्याच नाही, साहेब,” काल्तापाऊ म्हणाला.

“मग या सामन्याला आंतरराष्ट्रीय म्हणता येणार नाही.”

“तेच तर, साहेब. तुम्ही रद्द केला तो आंतरराष्ट्रीय. हा दुसरा.”

पेटिग्रू साहेबांनी लाकोम्ब साहेबांकडे पाहिले. दोघांमध्ये एकमत झाले तर ते लेखी करावे लागेल, या भीतीने दोघेही गप्प राहिले. मग लाकोम्ब साहेबांनी निदान पंचाचे काम करण्याची तयारी दाखविली.

शिट्टी काल्तापाऊच्या बायकोकडे, म्हणजे तारीच्या थोरल्या बहिणीकडे, लेइसावकडे होती. “नको, साहेब,” ती म्हणाली. “तुमचं भांडण चालू आहे ना सध्या?”

“ते जर्मनांशी. इथे कोणाशी नाही.”

“भांडण ते भांडण. घरात भांडण असलं की मी यांच्या हातात चाकूसुद्धा देत नाही, शिट्टी कशी देऊ?”

तिच्या निःपक्षपातीपणाविषयी कोणालाही शंका नव्हती. नवरा आणि भाऊ या दोघांना तिने आयुष्यभर सारख्याच शिव्या दिल्या होत्या. दोन-दोन अशी बरोबरी असताना तिने जेवण शिजवायच्या खड्ड्यात तापत ठेवलेल्या दगडांकडे पाहिले, ते लाल झाले होते, आणि तिने सामना संपविला. (नियमपुस्तकात ही तरतूद नाही. त्यामुळेच अनेक ठिकाणी जेवण गार होते.)

डुक्कर त्या दगडांवर केळीच्या पानांत, किसलेल्या अळकुड्या आणि नारळाच्या दुधासह शिजले. काल्तापाऊने उभे राहून वडिलांचे नाव उच्चारले आणि ते आता आपले असल्याचे सांगितले. तारीने पहिला होकार भरला, मग मोठा तुकडा उचलला. दोन्ही साहेब रेषेबाहेर खुर्च्या टाकून बसले होते. ज्यांना खेळायची मनाई, त्यांना वाटा नाही, असा गावाचा नियम आहे, आणि मनाई तर त्यांनी स्वतःच स्वतःला केलेली होती.

तो सामना पुढे दरवर्षी होत राहिला, आजही होतो. युद्धांमुळे त्यात कधी खंड पडला नाही. खेळण्याची इच्छा असणाऱ्या वाचकांनी जरूर यावे. अट एवढीच, की आपण कोणत्याही देशाचे नसावे. चौकशीअंती बहुतेक वाचक कोणत्या तरी देशाचे निघतात, असा अनुभव आहे. त्यांनी निराश होऊ नये. रेषेबाहेर दोन खुर्च्यांच्या मधोमध भरपूर जागा आहे. तिथे बसावे, वास घ्यावा, आणि आपल्याला मनाई कोणी केली हे शेजारच्या साहेबांना विचारू नये. तेही अजून तेच आठवीत आहेत.