विसूकाकांचा हुकूम: वेल्हे गाठावे

आमच्या शेजारचे विसूकाका आगटे स्वतःलाच हुकूम काढतात. चेष्टा नाही! भोर संस्थानच्या कचेरीत ते कारकून, मी तिथलाच नवा उमेदवार. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय: 'विष्णु आगटे, राहणार भोर, यांनी पौर्णिमेच्या आत सायकलीवरून न उतरता नसरापूर गाठावे. कसूर झाल्यास आठ दिवस तूप बंद.' त्याखाली त्यांचाच अर्ज: 'गुडघा दुखत असल्याने मुदतवाढ मिळावी.' आणि त्याखाली त्यांचाच शेरा: 'नामंजूर. नाटके पुरेत.'

त्याचं असं झालं. काका पन्नाशीला आले आणि कचेरीचा जिना चढताना मधेच बसायला लागले. डॉक्टर म्हणाले, "आगटे, तीस वर्षं एका गादीवर बसलात, छाती गंजली तुमची. हातपाय हलवा, नाहीतर..." तिसऱ्या दिवशी काकांनी जुनी सायकल आणली! चालवता कुठं येत होती? धोतराचा काचा मारलेला, पगडी उपरण्यानं हनुवटीला बांधलेली, आणि पहिला महिना नुसतं पडणं. पडले की कपडे झटकत म्हणायचे, "प्रकरण तहकूब!" चढ सर झाला की, "मंजूर!" आणि तेही इतक्या मोठ्यानं की बाजूच्या गाडीचे बैल बुजायचे.

काकांना पुन्हा सगळ्याचा पुरावा लागतो. शिवरे गावच्या हुकमाला मी माझी सायकल घेऊन बरोबर होतो. काका थेट पाटलांच्या ओट्यावर गेले आणि कागद पुढे केला: 'सदर इसम सायकलीवर बसून आला, चालत नव्हे.'

"रावसाहेब, ह्यो कसला कागूद?" पाटील.

"मी बसून आलो, याचा दाखला."

"आन् न्हाई दिला तर?"

"तर माझं तूप बंद होईल."

पाटलांनी हळूच मला विचारलं, "ह्यास्नी ऊन लागलंय का वो?"

पण कचेरीचा माणूस! कागदाला नाही कोण म्हणणार? पाटलांनी सही केली, वर तांब्याभर साईचं दूध आणि गूळशेंगा. गावोगाव हेच. दर सोमवारी काका दप्तर बांधायच्या लाल फितीनं पोट मोजायचे आणि शाईची खूण होती तिथंच! शेवटी नवा हुकूम निघाला: 'दौऱ्यावर दूध घेऊ नये.' मग मात्र फीत सैल पडायला लागली, जिनाही एका दमात व्हायला लागला.

आणि मग निघाला तो मोठा हुकूम. होळीच्या आत, न उतरता, वेल्हे!

डॉक्टर भडकले. "शिवरं झालं ना? मग वेल्हं कशाला? त्या डोंगरात छातीत कळ आली तर उचलून कोण आणणार?"

"हुकूम निघालाय," काका म्हणाले. मुदतवाढीचा अर्ज नाही, काही नाही.

उजाडताच आम्ही निघालो. नसरापूर मागं पडलं. पुढे एका चढावर काकांचा चेहरा पांढराफटक झाला आणि सायकल झुलायला लागली. मी ओरडलो, "काका, उतरा! कोण बघतंय इथं?"

आणि ते खरंच उतरले. दगडावर बसले. मला वाटलं, संपलं सगळं.

धाप ओसरल्यावर म्हणाले, "गेल्या पावसाळ्यात सिंधूला ताप भरला होता."

सिंधू म्हणजे काकांची एकुलती एक लेक, वेल्ह्याच्या मास्तरांना दिलेली. काकू तिच्या लग्नाआधीच गेल्या.

"निरोप आला. बैलगाडी मिळेना. चालत निघालो आणि वेशीबाहेरच धाप लागून बसलो. तिथूनच परत. ती बरी झाली, पण मी पोचलो नाही रे."

काका उठले आणि सायकल हातात धरून चढ चालायला लागले. हुकूम मोडला होता! त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. माथ्यावर पोचल्यावर परत टांग मारली.

वेल्ह्यात सिंधूताई अंगणातूनच धावत आली. "बाबा! सायकलवर?" आत जाऊन तांब्या घेऊन आली. तर काका मागे सरले! लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. घसा कोरडा पडलेला, पण काका ऐकेनात.

शेजारच्या पारूबाईंनी कुंपणापलीकडून हाक मारली. "आवो, आमच्या वट्यावर या. म्या काय तुमची लेक न्हाई. आमचं पानी चालंल की!"

काका तिकडे बसून घटाघटा प्यायले. अलीकडे सिंधूताई कुंपणाला टेकून उभी. "किती वाळलात हो, बाबा!" म्हणून रडायला लागली आणि काका खुशीत!

पारूबाई म्हणाल्या, "रडती कशाला? सांग की त्यास्नी. पाच म्हैन्यांनी तुज्याच घरचं पानी पेतील."

काकांना काही उमगेना.

"आवो, आजा व्हनार तुमी!"

सिंधूताई तोंड लपवून आत पळाली. काकांचं मात्र दाखला मागायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. चढ आले, उतार आले, एक आरोळी नाही. मग एकदम म्हणाले, "पहिलं बाळंतपण माहेरी. आणि माझ्या घरात बाईमाणूस नाही."

"हो ना," मी म्हटलं.

"अळिवाचे लाडू पुरुषमाणसाला जमतात का रे? तुझ्या आईला विचार."

"विचारतो, काका."

"आजच विचार," म्हणाले आणि असे सुटले, असे सुटले, की भोर येईपर्यंत मला ते सापडलेच नाहीत!